शेवटचा सोपा प्रश्न

आमच्या डोंबिवलीच्या वाचनालयाने शारदोत्सवात सामान्यज्ञानाची स्पर्धा घ्यायचं ठरवलं, तेव्हा आमचे हे वाचनालयाचे चिटणीस होते. चिटणीस म्हणजे काम सगळं आणि मान निम्मा, पण ह्यांना त्या पदाचं भारी अप्रूप. स्पर्धा कशी घेतात ते पाहायला एका रविवारी ठाण्याला जाऊन आले, पुढच्या रविवारी कल्याणला, आणि मग आमच्या ओटीवर सभा भरली. चहा मीच करणार होते, त्यामुळे सगळी सभा मला स्वयंपाकघरात ऐकू येत होती.

ठाण्याची पद्धत चिठ्ठीची. प्रश्न मोठ्याने वाचायचा, स्पर्धकांनी कागदावर उत्तर लिहून डब्यात टाकायचं. "परीक्षाच ती," हे म्हणाले. "बघणाऱ्यांना कळतच नाही कोणाला येतंय नि कोणाला नाही. अर्धे लोक पेंगत होते, उरलेले शेंगा खात होते." कल्याणची पद्धत दोन पक्षांची. एकाने दुसऱ्याला विचारायचं, त्याला नाही आलं तर विचारणाऱ्याला गुण. त्यात म्हणे दोन्हीकडच्यांनी असले प्रश्न काढले की विचारणाऱ्यालाही उत्तर ठाऊक नसायचं, आणि शेवटी एका वकिलाने दुसऱ्या वकिलाची टोपी उडवली. "मजा आली," हे म्हणाले, "पण ज्ञान काही दिसलं नाही."

मग ह्यांनी स्वतःची पद्धत मांडली. मंचावर चार खुर्च्या. एकेकाने उठून माईकसमोर यायचं. प्रश्न झाला की अर्धं मिनिट, तेवढ्यात तोंडी उत्तर. नाही आलं तर घंटा, आणि तोच प्रश्न पुढच्या खुर्चीला, निम्म्या गुणाला. "माणूस विचार करताना लोकांना दिसला पाहिजे," असं हे हातवारे करून सांगत होते. विश्राम मास्तरांनी मान डोलावली. मास्तर शाळेत भूगोल शिकवत, आणि मंचावर प्रश्न तेच विचारणार होते.

चहाचे कप ठेवताना मी बोलून गेले, "चिठ्ठीच बरी. माईकवर बायका तोंड उघडायच्या नाहीत. लिहून द्यायचं असेल तर चारजणी तरी येतील."

"का नाही उघडणार?" हे हसून म्हणाले. "तूच बस की पहिली."

सगळे हसले. आमचे सासरे, ज्यांना घरात नि गल्लीत सगळेच अण्णा म्हणत, ते झोपाळ्यावर बसले होते. ते म्हणाले, "बसू दे की. सूनबाई, पहिली आलीस तर खुशाल मॅट्रिकला बस. नाही आलीस तर पुन्हा तो विषय काढायचा नाही. मंजूर?"

अण्णा निम्मे गमतीत बोलले असतील, पण मी ट्रे खाली ठेवला. इंग्रजी सहावीत असताना माझं लग्न झालं. पुढे शिकवू, असं बोलणीच्या वेळी ह्यांच्याकडच्यांनीच सांगितलं होतं. मग नणंदेचं लग्न निघालं, मग सासूबाईंचं दुखणं, मग काही ना काही. आता स्टेशनपलीकडे बायकांसाठी दुपारचा वर्ग निघाला होता आणि मी महिनाभर अण्णांच्या मागे लागले होते. अण्णा म्हणत, "बघू." आमच्या घरात 'बघू' हा 'नाही'चा थोरला भाऊ. त्यापेक्षा ही पैज बरी, निदान तिला दुसरं टोक तरी होतं. सगळ्या सभेदेखत मी म्हटलं, "मंजूर." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

प्रश्नांच्या चिठ्ठ्या ह्यांच्या पेटीत होत्या आणि पेटीची किल्ली जानव्याला. मी एकदाही त्या पेटीकडे पाहिलं नाही. हेही म्हणाले, "तुला एक जरी प्रश्न कळला तरी मला वाचनालयात तोंड दाखवायला जागा राहणार नाही." मला त्याचा अभिमानच वाटला. भांडी घासून झाली की मी जुनी वर्तमानपत्रं वाचत बसे, आणि नद्या, धातू, राजधान्या घोकत पोळ्या लाटत असे. सासूबाई म्हणायच्या, "पोळी फुगेना झाली आणि हिचं आपलं अॅल्युमिनियम."

स्पर्धा रविवारी दुपारी वाचनालयाच्या अंगणात झाली. कल्याणहून माईक आणला होता आणि त्याचा कर्णा आंब्याच्या झाडाला बांधला होता. मंचावरचा आवाज पार तळ्यापर्यंत जात होता. सासूबाई गुडघ्यांमुळे आल्या नव्हत्या, पण घरी बसून त्यांना शब्द न शब्द ऐकू येणार होता. अण्णा पहिल्या रांगेत, शेजारच्या रंगूबाई बायकांच्या घोळक्यात, आणि हे मंचाच्या कडेला टेबलाशी, हातात घड्याळ घेऊन.

तिसरी खुर्ची माझी. चौथीवर आनंद नावाचा कॉलेजात जाणारा मुलगा, कल्याणचा. उरलेले दोघे लवकरच मागे पडले. उल्हास नदी कुठे उगम पावते, भरती-ओहोटी कशाने होते, कावीळ कोणत्या अवयवाच्या बिघाडाने होते, मला सगळं आलं. पहिल्यांदा माईकसमोर गेले तेव्हा तीनदा पदर नीट केला, पण माझंच उत्तर झाडावरून मला परत ऐकू आलं आणि गंमत वाटली. मला माझा आवाज आवडला, हे सांगायला हरकत नाही. नंतर नंतर तर मी विश्राम मास्तरांचा प्रश्न पुरा व्हायच्या आत तोंड उघडायला लागले. लोक टाळ्या वाजवत होते. अण्णा रंगूबाईंच्या नवऱ्याला कोपराने ढोसून म्हणाले, "आमची सून!"

शेवटच्या फेरीला आनंद आणि मी दोघेच उरलो, तेही बरोबरीत. ह्या फेरीत चौथ्या खुर्चीपासून उलटं यायचं होतं. आनंदला पाऱ्याबद्दल काहीतरी विचारलं, ते त्याला आलं नाही, आणि निम्म्या गुणाला मलाही नाही. माझ्यावर आता एकच प्रश्न, आणि तो आला की मॅट्रिक. मी उभी राहिले. ह्यांनी माझ्याकडे पाहून हलकेच मान हलवली, घाबरू नकोस अशा अर्थी.

मास्तरांनी चिठ्ठी उघडली. "समुद्र मागे हटवून कोकणची भूमी कोणी निर्माण केली, अशी आख्यायिका आहे?"

इतका सोपा! मी हसलेसुद्धा. तोंड उघडलं, आणि तसंच राहिलं.

उत्तर होतं परशुराम. आणि परशुराम टेबलाशी घड्याळ घेऊन बसले होते.

बायकोने नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. कसं चालायचं तेही कोणी शिकवत नाही. आमच्या गावच्या एका काकूंच्या यजमानांचं नाव हरी होतं, तर त्या हरभऱ्यालासुद्धा दुसरंच काही म्हणायच्या, आणि मी त्यांना हसत असे. स्वराज्य येऊन सात वर्षं झाली होती. मी वर्तमानपत्र वाचणारी बाई, स्वतःला सुधारलेली समजत होते. आणि ते पाच अक्षरी नाव माझ्या जिभेवर येऊन बसलं होतं, पण दातांच्या बाहेर निघत नव्हतं. लिहायला सांगितलं असतं तर क्षणात लिहून दिलं असतं. पण लिहायची पद्धत ठाण्याची.

आधी बायकांना कळलं. एक खुसखुस झाली, ती पुरुषांपर्यंत गेली आणि अंगणभर हशा पसरला. रंगूबाई ओरडल्या, "अगं, उखाणा घे! उखाण्यात घे!" मग सगळेच "उखाणा, उखाणा" म्हणून टाळ्या वाजवायला लागले. विश्राम मास्तर माईकवर म्हणाले, "चालेल हो वहिनी, उखाणाही चालेल!" आणि स्वतःच हसले.

उखाणे मला दहा येत होते. पण मला एकदम रडू आलं, आणि रागही आला. एवढा वेळ मी नद्या नि धातू सांगत होते, तेव्हा मी स्पर्धक होते. आता मी कोणाची तरी बायको झाले होते, आणि लोकांना तीच हवी होती. मी उत्तर द्यायला उभी होते, हळदीकुंकवाला नव्हे. नुसतं नाव घ्यायचं, असं मनाशी घट्ट ठरवलं, ओठ मिटले, 'प' म्हटलं, आणि त्या कर्ण्याने तो 'प' तळ्यापर्यंत नेला. लोक पोट धरून हसले. अण्णा खाली बघत होते. घंटा वाजली.

प्रश्न आनंदकडे गेला. तो बिचारा शहाण्या घरचा. अगदी हळू म्हणाला, "परशुराम." पण माईकला हळू बोलणं कुठलं ठाऊक! अर्ध्या गुणाने मी हरले. तोंड कुठे लपवावं ते कळेना, म्हणून मी मंचावरच खाली बसले, खुर्चीवर बसायचं भान न राहून. ती लाज आठवली की अजून कानशिलं तापतात. नाव घेण्याची लाज नव्हती ती. न घेता आल्याची होती.

घरी जाताना अण्णा पुढे निघून गेले. भाताच्या खाचरांच्या बांधावरून हे माझ्यापुढे चालत होते. मध्येच थांबले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला वाटलं, हा तरी तुला नक्की येईल."

"हा म्हणजे?" मी विचारलं. "तुम्हाला ठाऊक होता?"

ह्यांनी चप्पल चिखलात घासली. "चिठ्ठ्या मीच लावल्या होत्या ना खुर्चीप्रमाणे. शेवटचा फार अवघड होता, कुठल्याशा तहाचा. तो काढला आणि हा घातला. शेंबडं पोरही सांगेल असा शोधून शोधून काढला गं."

"आणि स्वतःचं नाव विसरलात?"

"मला कोण परशुराम म्हणतं?" हे रडवेल्या आवाजात म्हणाले. "घरात बाळू, कचेरीत आडनाव. तू तर 'अहो'. माझ्या ध्यानातच आलं नाही."

करायला गेले गणपती नि झाला मारुती. मला हसू यायला हवं होतं. पण मला ह्यांचीही लाज वाटली आणि माझीही. माझ्यासाठी ह्यांनी लबाडी केली, म्हणजे मला येणार नाही असंच ह्यांना वाटत होतं. मी म्हटलं, "अण्णांना सांगा. प्रश्न बदलला नसता तर काय झालं असतं कोणी सांगावं! पैज धरू नका म्हणावं."

"सांगतो," हे म्हणाले.

घरी पोचलो तर सासूबाई दारात वाटीत साखर घेऊन उभ्या. माझ्या तोंडात चिमूट घालत म्हणाल्या, "ऐकलं हो सगळं. एवढ्या लोकांत नाव नाही घेतलंस. घराण्याची लाज राखलीस गं बाई!" ती साखर गिळताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दिवसभरात मी बरोबर सांगितलेलं एकही उत्तर त्यांना आठवत नव्हतं.

अण्णा झोपाळ्यावर बसले. "सूनबाई, वाईट वाटलं. पण शब्द तो शब्द. आता तो विषय संपला."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे मोरीत पाय धूत होते. धुतलेलेच पाय पुन्हा धूत होते. बाहेर आले, पंच्याने पाय पुसले, खुंटीवर पंचा टाकला आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू."

बघू!

"परशुराम!" मी म्हटलं.

माईक नव्हता, पण घरात तेवढाच मोठा वाटला. सासूबाईंच्या हातातली वाटी पडली. अण्णांनी पाय टेकून झोपाळा थांबवला. मी थांबले नाही. "परशुराम, तुम्ही सांगता की मी सांगू?"

ह्यांचं तोंड पांढरं पडलं. उखाण्याशिवाय ह्यांचं नाव माझ्या तोंडून पहिल्यांदाच निघालं, आणि निघालं ते शिवीसारखं. मग ह्यांनी सांगितलं, सगळं, चिठ्ठीपासून खुर्चीपर्यंत, खाली मान घालून, मास्तरांपुढे उभ्या राहिलेल्या पोरासारखं. सासूबाई साखर वेचत होत्या आणि डोळे पुसत होत्या.

मग अण्णा ह्यांनाच म्हणाले, "चिटणीसपद सोड. आणि उद्या कचेरीत जायच्या आधी त्या वर्गात हिचं नाव घालून ये." माझ्याकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही, आणि पुढे कित्येक दिवस पाहिलं नाही.

मला हवं ते मिळालं होतं. रात्री पानं वाढताना मला ह्यांच्या पानाकडे बघवत नव्हतं.

सकाळी दारात डबा देताना मी चपलांकडे बघत उभी होते. ह्यांनी डबा घेतला, पण गेले नाहीत. आत सासूबाई नाहीत असं बघून हळूच म्हणाले, "काल फार मोठ्यांदा घेतलंस. एकदा हळू घे ना. नुसतं असंच."

मी तोंड उघडलं. खरंच सांगते, फार मनापासून उघडलं. हे वाट बघत उभे होते, हातात डबा धरून. ह्यांची गाडी चुकली, आणि नाव काही आलं नाही.