दाराबाहेर ठेवलेला कॅल्क्युलेटर

मी एक कॅल्क्युलेटर बोलतोय. नुसत्या बेरीज-वजाबाकीवर समाधान मानणारा नव्हे. साइन, कॉस, लॉग, घातांक असं सगळं पोटात घेऊन बसलेला. कपाळावरच्या काळ्या पट्टीवर उजेड पडला की मला जाग येते. बढाई इथेच संपवतो, कारण ज्या परीक्षेबद्दल मी सांगणार आहे, तिच्यात मला आत घेतलंच नव्हतं.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. सरकत्या पट्ट्यावर एका बाईने माझी सगळी बटणं एका दमात दाबून पाहिली आणि माझ्याकडे पुन्हा न बघता पुढचा उचलला. आईचा चेहरा म्हणावा तर तोच.

माझे पहिले मालक जमिनी मोजायचे. वीस वर्षं मी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात बसून रानोमाळ फिरलो. हातभर जागेवरून दोन भाऊ एकमेकांच्या अंगावर धावून आले की मालक शांतपणे मला मधे धरायचे आणि म्हणायचे, माझं ऐकू नका, याचं ऐका. मग दोघेही माझ्या पडद्याकडे बघत गप्प व्हायचे. त्या दिवसांत माझा रुबाब काय सांगू! पुढे मालक निवृत्त झाले आणि मीही झालो. वाळलेली पेनं, एक गंजकी टेप आणि मी, असे आम्ही खणात पडून राहिलो.

मला बाहेर काढलं ते त्यांच्या सुनेने. ती स्थापत्य अभियंता. काँक्रीट तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत नोकरीला होती. बांधकामांवरून काँक्रीटचे ठोकळे यायचे, अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवायचे, मग यंत्रात घालून फुटेपर्यंत दाबायचे. किती भाराला फुटला तो आकडा ती मला सांगायची, मी भागाकार करून द्यायचो. तिच्या बोटांवरची सिमेंटची पूड माझ्या फटींत अजून आहे.

पण तिचं मन आकड्यात नव्हतं. ठोकळा असाच का फुटला, यात होतं. एकदा एक ठोकळा तिरपा चिरला, तेव्हा तिने अहवालात अर्धं पान कारण लिहिलं. साहेबांनी ते खोडलं आणि सांगितलं, "तुम्ही आकडा लिहा. कारणं लिहायला वरची माणसं आहेत."

त्या संध्याकाळी जेवताना तिने घरात सांगून टाकलं की तिला पुढे शिकायचंय. त्यासाठी अभियांत्रिकीच्या पदवीधरांची देशपातळीवरची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. वर्षातून एकदा, तीन तास, पासष्ट प्रश्न, सगळं संगणकावर. तिचा नवरा बस चालवायचा. लेकीच्या शाळेची सगळी तयारी त्याने तिथल्या तिथे आपल्याकडे घेतली. सासरे ताटातलं संपवून उठताना म्हणाले, कॅल्क्युलेटर तुझ्याकडेच ठेव.

मग रोज पहाटे पाच ते सात आमचा अभ्यास. कॉलेजात केला होता तसाच तिने केला. पहिल्या पुस्तकाचं पहिलं पान उघडलं आणि निघाली. आवडीच्या प्रकरणात तीन आठवडे मुक्काम, नावडतं आलं की बगल. सतरा गुणिले चारसाठीही बोट माझ्याकडे वळायचं. मला त्यात काही गैर वाटत नव्हतं. उलट मी खूश होतो.

परीक्षेच्या दिवशी दारावरच्या माणसाने मला तिच्या हातातून काढून घेतलं. स्वतःचा कॅल्क्युलेटर आत चालत नाही, संगणकाच्या पडद्यावरच असतो, माहितीपत्रकात लिहिलंय, असं तो दिवसभरात शंभराव्यांदा सांगावं तसं म्हणाला. तिने ते पत्रक नीट वाचलंच नव्हतं. मी तीन तास एका टेबलावर किल्ल्या आणि घड्याळांच्या गर्दीत पडून होतो.

ती बाहेर आली आणि मला न बघताच पिशवीत टाकलं. घरी गेल्यावर कळलं. माऊसने एकेक बटण दाबताना तिची त्रेधा उडाली, वेळ गेला, आणि शेवटच्या वीस मिनिटांत कोरं काही ठेवायचं नाही म्हणून दिसेल त्या पर्यायावर ती टिचक्या मारत सुटली.

निकालात ती पात्रतेच्या रेषेच्या दोन गुण मागे राहिली. तिने पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली आणि पंधरा दिवस ती तिथेच पडून होती.

एका रविवारी सकाळी सासऱ्यांनी तिला समोर बसवलं. तिची उत्तरं आणि बरोबर उत्तरांची यादी मागितली. विषयातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण मोजता येत होतं. ती वाचत गेली, ते माझी बटणं दाबत गेले. पर्यायांच्या प्रश्नांत तिची एकवीस उत्तरं चुकली होती आणि प्रत्येक चुकीमागे थोडे गुण कापले जातात. त्यांनी बेरीज केली आणि मला तिच्यापुढे धरलं. माझ्या पडद्यावर दहा होते.

"कापले दहा, आणि कमी पडले दोन," ते म्हणाले. "हे एकवीस कोरे सोडले असतेस तर तू पास होतीस गं."

तिने मला हातात घेऊन तो आकडा पुन्हा वाचला. मग म्हणाली, "बाबा, म्हणजे मला येत होतं?"

"येत होतं. तू हद्द न बघता मोजायला बसलीस. आम्ही आधी पायी चालून सगळी जमीन बघतो, दगड कुठे, ओढा कुठे. मोजणीची साखळी मागाहून."

त्याच आठवड्यात त्यांनी दहा वर्षांच्या जुन्या प्रश्नपत्रिका छापून आणल्या. आलेखाच्या कागदावर नकाशा काढला. कुठला प्रश्न कुठल्या प्रकरणातला ते ती सांगायची, आणि एकेका प्रकरणाला दरवर्षी जितके गुण येतात तितके चौकोन ते वेगळ्या रंगाने रंगवायचे. तेव्हा दिसलं की जिथे तिने तीन आठवडे मुक्काम ठोकला होता, तिथे जेमतेम दोन चौकोन होते. आणि सामान्य आकलन, जे तिने उघडलंही नव्हतं, ते पंधरा चौकोनांचं शेत बिनपेरलेलं पडलं होतं. प्रश्नांच्या जाती त्यांनी वेगळ्या लावल्या. जिथे आकडा स्वतः टाइप करायचा, तिथे चुकलं तरी गुण कापत नाहीत. तिथे जरूर प्रयत्न करायचा. पर्याय असतील तर खात्री असेल तरच हात घालायचा.

शेवटी त्यांनी मला उचललं. "आणि हा आजपासून माझ्याकडे. याची सवय तुला नडतेय. पडद्यावरच्या कॅल्क्युलेटरवरच सराव कर."

खरं सांगू? मला फार लागलं. मी खिशात बसून शेजारच्या खोलीतून माऊसच्या टिकटिक आवाजावरून तिची गती ऐकायचो. पहिल्या महिन्यात टिकटिक अडखळायची. चौथ्या महिन्यात ती सलग वाहायला लागली. पाढे ती तोंडाने म्हणायची. दर रविवारी सासरे घड्याळ लावून तीन तासांचा पूर्ण पेपर घ्यायचे. एक त्यांचा नियम होता. प्रश्न सोडायचा तर मोठ्याने "सोडला" म्हणायचं. सुरुवातीला ती तो शब्द नापास झाल्यासारखी म्हणायची. हळूहळू ती तो असा म्हणायला लागली, जसं कुणी जड पिशवी खाली ठेवतं.

दुसऱ्या वर्षी मी दाराबाहेरच होतो, पण सासऱ्यांच्या खिशात. तीन तास ते एका झाडाखाली बसले आणि त्यांची छाती माझ्यामागे धडधडत होती. ती बाहेर आली तेव्हा त्यांनी आधी पाण्याची बाटली पुढे केली.

पाणी पिऊन ती म्हणाली, "अकरा सोडले, बाबा."

ते इतके हसले की मी खिशात उलटापालटा झालो.

अधिकृत उत्तरं आली तेव्हा पुन्हा आम्ही तिघे बसलो. ती वाचत होती, ते दाबत होते, नवरा दारात उभा होता. शेवटी माझ्या पडद्यावर गेल्या वर्षीच्या रेषेच्या खूप वरचा आकडा उमटला, ५८.३३३३३३.

"हे तीन संपतच नाहीत," सासरे म्हणाले.

"राहू देत," ती म्हणाली आणि जमिनीवरच आडवी झाली. हसत होती की रडत होती, मला नीट दिसलं नाही, पण दोन वर्षांत पहिल्यांदा तिचे खांदे सैल पडलेले मी पाहिले.

आता ती दुसऱ्या गावी शिकते. तुळया कशा मोडतात आणि का मोडतात, हेच तिचं काम आहे. सुट्टीला घरी येते. मी खिडकीतल्या एका ट्रेमध्ये असतो, उजेडात. दर रविवारी आजूबाजूची तीन-चार पोरं परीक्षेची चौकशी करायला येतात आणि सासरे आधी त्यांचे कॅल्क्युलेटर काढून माझ्याशेजारी ठेवतात. नवे गडी फार खट्टू होतात. मी त्यांना समजावतो.

तुम्हालाही तेच सांगतो. आमच्यावर माया असू द्या, पण आम्हाला घरी ठेवायला शिका. माहितीपत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. काय सोडायचं ते आधी ठरवा. आम्ही रुसणार नाही.

आज रविवार आहे. पोरं आली आहेत, कागद पसरलेत, कुणीतरी घाईने काहीतरी विचारतंय. सासरे ओठांवर बोट ठेवून आतल्या खोलीकडे खूण करतात.

"हळू बोला रे. ती काल आलीये. साडेदहा वाजले तरी झोपू द्या तिला."