सपक रताळी

रताळ्याची गोडी घालवण्यासाठी कुणी पगार देतं, हे बाबांच्या गळी कधी उतरलंच नाही. जन्मभर बेकरी चालवलेला माणूस तो. धाकट्या लेकीने त्यांना शंभरदा समजावलं होतं, की रताळ्यात पिष्ट असतं, ते तापू लागलं की आतली विकरं त्या पिष्टाची साखर करतात, आणि ही विकरं बनवणारी जनुकंच तिने बंद पाडली आहेत. असं रताळं तिखटमिठात खपेल, तळलं तरी काळं पडणार नाही. बाबा मान डोलवायचे आणि भट्टीकडे बघत बसायचे. पालथ्या घड्यावर पाणी!

आज तिच्या प्रयोगशाळेचे साहेब चव घेणार होते. रताळी गोड निघाली, तर तिच्या वाफ्यावर नांगर फिरणार आणि तिथे मका लागणार, हे त्यांनी आधीच बजावलं होतं. त्यात प्रयोगशाळेचा ओव्हन नेमका बंद पडला. मंद आचेवर विकरांना मोकळं रान मिळतं, म्हणून कसोटी खरी ठरायची तर भाजणं मंद आचेवरच हवं. शेवटी रताळी बाबांच्या भट्टीत गेली.

"बाबा, आज माझी परीक्षा आहे हं," एवढंच सांगून ती घाईघाईने निघून गेली.

दुपारी बाबा स्वतः ट्रे घेऊन आले आणि बाहेरच्या बाकावर बसून राहिले. साहेबांनी आत एक फोड तोंडात टाकली.

"वा, काय गोड आहे!" ते म्हणाले आणि लगेच त्यांचा चेहरा पडला. "म्हणजे जमलं नाही म्हणायचं."

धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं. पण मुलगी हट्टी. तिने दुसरी फोड कुस्करली, गाळली आणि साखरेचा प्रकार ओळखणाऱ्या यंत्रात घातली. भाजलेल्या रताळ्यात तयार होते ती साखर म्हणजे माल्टोज. तिचा मागमूसही नव्हता. होती ती आपली चहातली साखर, आणि तीही ढीगभर!

ती तडक बाहेर आली.

"बाबा, काय केलंत तुम्ही?"

"हळू बोल," बाबा कुजबुजले. "एक चाखून बघितलं, तर अगदीच सपक. म्हटलं, चारचौघांत पोरीची लाज जायची. मग सळईने टोचून टोचून पाक मुरवला. कुणाला कळलं नाही ना?"

तिला भयंकर राग आला आणि त्याच दमात रडूही आलं. या माणसाने सकाळभर भट्टीपुढे बसून एकेक रताळं टोचलं होतं, तिच्यासाठी. तिने त्यांचा हात धरला आणि ओढतच साहेबांसमोर नेलं. बाबांनी सगळं कबूल केलं आणि खिशातून कागदात गुंडाळलेलं एक भाजलेलं रताळं काढलं.

"एवढं एक राहिलं. पाक पुरला नाही."

साहेबांनी घास घेतला. बराच वेळ चघळला.

"गोडीचा पत्ताच नाही," ते हसले. "वाफा तुझाच."

धाकटीचा जीव भांड्यात पडला. बाबा मात्र लालबुंद झाले.

"गोडी नाही कशी? नीट चावून बघा, साहेब! माझ्या पोरीचं रताळं आहे ते!"