उतारावरची तार

"मागनं ये रं निवांत. वळणावर खडी सुटलीया!" नाथाजी ओरडला आणि पेडलवर उभा राहून उतारात शिरला.

जिनदत्तने ब्रेकवर बोटं ठेवली आणि त्याच्या मागोमाग सायकल सोडली. उतार काही जीवघेणा नव्हता. औंधच्या अलीकडच्या त्या उघड्याबोडक्या माळावर नाथाजीने स्वतः कुदळ मारून काढलेली ती वाट होती. मुरूम, वाळलेलं कुसळ, मधूनच एखादी बाभळ आणि गुडघ्याएवढे दगडी टप्पे. नवख्याला घाम फुटावा आणि सवयीच्या माणसाला मजा यावी, इतपतच अवघड. दिवस पुरता वर आला नव्हता, तरी दगड तापायला लागले होते.

नाथाजी फौजेतून परत आला आणि कुपवाडच्या एका कारखान्यात गेटवर वॉचमन म्हणून उभा राहिला. त्याच गेटच्या आत जिनदत्त लेथ चालवायचा. दिवसभर लोखंडाची भुशी अंगावर घेणाऱ्या या माणसाला नाथाजीनेच गियरच्या सायकलवर बसवलं. "उतारात ब्रेक दाबायचा न्हाई, जवान, भ्या दाबायचं," असं तो म्हणायचा. तेव्हापासून दोघांचा रविवार या माळाचा झाला. गाव नाथाजीचं. भावकी खाली वस्तीत राहायची.

गेल्या पावसाळ्यानंतर डोंगराच्या पाठीमागून वीरधवल नावाच्या ठेकेदाराने मुरूम उपसायला सुरुवात केली. परवाना नव्हता. नाथाजीने तहसीलला अर्ज दिला, दोनदा मशीन बंद पडलं. तिसऱ्यांदा ते सुरू झालं तेव्हा वस्तीवर निरोप आला : सायकली खेळायच्या असतील तर सांगलीत खेळा. नाथाजी हसला होता.

वळण घेताना जिनदत्तला तार दिसली नाही. त्याला दिसलं ते एवढंच, की नाथाजीची सायकल नाथाजीला सोडून एकटीच पुढे निघून गेली.

नाथाजी पाठीवर पडला होता. दोन बाभळींच्या मध्ये काटेरी तार थरथरत होती. तो उभा होता म्हणून ती छातीवर बसली. बसलेला असता तर गळाच गेला असता. तरीही वर सरकताना तिने हनुवटीखालची कातडी उसवून ठेवली होती. रक्त मुरमात जिरत नव्हतं, धुळीवर गोळ्या होऊन पळत होतं. नाथाजी काहीतरी बोलू पाहत होता आणि तोंडातून नुसती घरघर येत होती.

"गप. बोलू नगंस. गप पड," जिनदत्त म्हणाला. अंगातला शर्ट काढून त्याने जखमेवर दाबला आणि नाथाजीचाच हात त्यावर ठेवला. "दाबून धर. सोडू नगंस."

तेवढ्यात खडीवर पावलं वाजली.

बाभळीपलीकडच्या घळीतून एक तरणा गडी धावत वर येत होता. पायात रबरी चपला, हातात पक्कड. जिनदत्तने त्याला ओळखलं. वीरधवलच्या डंपरवर तो क्लीनर होता, गुंडा त्याचं नाव. जिनदत्तने त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही. हातातलं लोखंड पाहिलं आणि उठला.

जिनदत्तच्या आईच्या, आक्काताईच्या जैन घरात पाणी गाळून प्यायचे आणि दिवा लागायच्या आत ताटं घासून पालथी पडायची. जिनदत्तने शाळेतसुद्धा कुणावर हात उगारला नव्हता. पण उभी हयात लेथवर गेलेले ते हात होते. पहिल्याच ठोशाला गुंडाचे दात ओठात घुसले. पक्कड उडाली. गुंडा खाली पडला आणि जिनदत्त त्याच्या छातीवर बसला. हाताशी आलेला दगड त्याने उचलला.

"आवं... आवं दादा, सोडाय आलतो! तार सोडाय आलतो मी!"

ते जिनदत्तने ऐकलं. नीट ऐकलं, शब्द न् शब्द. आणि तरीही दगड खाली आला. एकदा कपाळावर, मग डोळ्यावर. हाडाचा आवाज झाला. मनगटापासून खांद्यापर्यंत एक ऊब चढत होती आणि खरं सांगायचं तर त्याला बरं वाटत होतं. इतक्या वर्षांत कुठल्याच कामाने इतकं मोकळं वाटलं नव्हतं.

"आई गं..." गुंडा एवढंच म्हणाला. मोठ्याने नाही. झोपेत म्हणावं तसं.

जिनदत्तचा हात वरच्या वर थांबला. त्याने दगड बाजूला टाकला, तो घरंगळत घळीत गेला, आणि त्या आवाजाने त्याला जाग आल्यासारखं झालं. खाली एका पोराच्या चेहऱ्याची डावी बाजू राहिलीच नव्हती.

माळावर माणूस नव्हतं. जिनदत्तच्या मोबाइलला रेंज नव्हती. नाथाजीच्या मोबाइलची काच फुटून आत गेली होती. नाथाजीला पाठीवर घ्यावं तर मान हलत होती. जिनदत्त त्या दोघांच्या मध्ये उघड्या अंगाने नुसताच उभा राहिला. कुणाला आधी हात लावावा हे त्याला कळेना.

फोन केला तो गुंडाने. त्याच्या कार्डाला तिथे रेंज मिळायची. चाचपडत खिशातून काढला, उजव्या डोळ्यासमोर धरला आणि रक्त थुंकून बोलला, "डंपर वर आण. बाभळीपातूर... व्हय, आत्ता. दोगं हायती जखमी. न्हाई, मशीन ऱ्हाऊ दे, आधी डंपर आण." मग फोन छातीवर ठेवून तो म्हणाला, "त्यांस्नी सावलीला घ्या. ऊन लागतंय."

जिनदत्तने नाथाजीला सावलीत ओढलं. मग परत येऊन गुंडालाही ओढलं. दोघांना शेजारी शेजारी निजवलं.

डंपर आला. ड्रायव्हरने तिघांकडे पाहिलं, बाभळीवरच्या तारेकडे पाहिलं आणि केबिनचं दार उघडलं. खाली जाताना प्रत्येक खड्ड्याला दोघं कण्हत होते. एक डोकं जिनदत्तच्या डाव्या मांडीवर होतं, एक उजव्या. कुणाचं रक्त कुणाचं, ते घरी त्याची शॉर्ट धुताना त्याच्या बायकोला, दीपालीलाही कळलं नाही. तिने नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि दोन बादल्या पाणी ओतलं.

दोघांनाही सांगलीलाच हलवलं होतं. नाथाजीला टाके पडले. नरड्याला आतून सूज आली. आवाज राहील पण पहिल्यासारखा नाही, असं डॉक्टर म्हणाले. गुंडाचा डोळा काढावा लागला.

वीरधवलची माणसं नाथाजीच्या भावाला भेटली. तारेचं नाव तुम्ही काढू नका, माराचं आम्ही काढत नाही. भावाला वस्तीत राहायचं होतं, पोरीबाळींना त्याच रस्त्याने शाळेत जायचं होतं. नाथाजीने डोळे मिटून मान हलवली. पोलिसांनी विचारलं तेव्हा दोघेही सायकलच्या वाटेवर घसरून पडले होते. जिनदत्त तेव्हा तिथेच भिंतीला टेकून उभा होता. त्याला विचारलं, तर तोही म्हणाला, "पडले."

पोलीस गेल्यावर नाथाजीने त्याला खुणेने जवळ बसवलं. फाटक्या आवाजात तो पुटपुटला, "लय हाणलास म्हणं, जवान. शाब्बास." आणि त्याच्या गुडघ्यावर थाप मारली. जिनदत्त तडक उठून बाहेर गेला.

त्यानंतर आठवडाभराने, दुपारच्या सुट्टीत, कारखान्याच्या गेटवर एक बाई आली. उन्हाने काळवंडलेली, नऊवारी, पदर कमरेला खोचलेला. नाथाजीच्या जागी बदलीवर आलेल्या वॉचमनला तिने विचारलं, "माझ्या पोराचा डोळा फोडनारा हितंच कामाला हाय न्हवं?"

वॉचमनने उगाच इकडेतिकडे पाहिलं. डबे उघडून बसलेल्या माणसांनी माना वळवल्या. पारस नावाचा सुपरवायझर म्हणाला, "मावशी, कुणीतरी चुकीचं सांगितलंय तुमाला. तुमचा मुलगा पडलाय. पोलिसांकडं तसंच लिवलंय."

"मी हरणाबाई. गुंडाची आई. मला नगं सांगू काय लिवलंय ते."

जिनदत्तने डबा बाजूला सारला. हात पुसले. गेटपर्यंत चालत गेला.

"मी हाय," तो म्हणाला.

हरणाबाईने त्याला खालीवर न्याहाळलं. इतका साधा माणूस असेल असं तिला वाटलं नसावं.

"तार सोडाय आलोय म्हनून त्यानं सांगितलं व्हतं तुला?"

"सांगितलं."

"ऐकू आलं व्हतं?"

"आलं व्हतं."

"मंग?"

दोस्त रक्तात पडला होता, डोकं फिरलं होतं, हातात लोखंड दिसलं. हे सगळं खरं होतं आणि त्यातलं काहीच तिच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

"तरी मारलं," तो म्हणाला.

तिने मारलं. पहिली चपराक बसली तसा त्याचा चष्मा उडाला. दुसरी कानावर. मग ती मोजदाद नसल्यासारखी मारत सुटली, थोबाडावर, छातीवर, खांद्यावर, बांगडी फुटून तिचंच मनगट चिरलं तरी. पारस पुढे धावला, तसा जिनदत्तने मागे न बघता हात आडवा धरला. "कुणी मधी पडू नगा," एवढंच तो म्हणाला. तो हलला नाही. मान खाली घातली नाही, तोंड चुकवलं नाही.

शेवटी तिचाच दम संपला. ती गेटच्या कट्ट्यावर बसली. रडली नाही. जिनदत्तने आतून तांब्याभर पाणी आणलं. तिने तांब्या घेतला, पण प्यायली नाही. मनगटावरचं रक्त धुतलं, दोन्ही तळवे धुतले आणि रिकामा तांब्या खाली ठेवला.

"सांगलीची गाडी कुठं थांबती?"

"चला, दावतो."

तो पुढे आणि ती मागे, असे दोघं रस्त्याने निघाले. गाल सुजून डोळ्याखाली आला होता. दुचाकीवरून जाणारी माणसं वळून बघत होती. थांब्यावर सावली नव्हती.

बस आली. पायरी उंच होती. हरणाबाईने दांडा धरला, पाय उचलला, गुडघ्याने साथ दिली नाही. कंडक्टर आतून घाई करत होता. जिनदत्तने हात पुढे केला.

तिने त्या हाताकडे पाहिलं. मग तो मनगटाशी घट्ट धरला, त्यावर सगळा भार टाकला आणि वर चढली. आत जाताना तिने मागे वळून पाहिलं नाही.

बस धुरळा उडवत वळणाआड गेली. जिनदत्तच्या मनगटावर तिच्या घामाने ओल्या बोटांचे ठसे उठले होते. ऊन असं होतं, की तो बघत उभा असतानाच ते एकेक करून वाळून गेले.