चौकटीचा ब्रश

"खिडकीच्या चौकटीला बारका ब्रश लागेल," असं म्हणत दुकानदारानं दोन इंची ब्रश काउंटरवर ठेवला.

"नको. चौकटीचं काही काम नाही," आप्पांचा मुलगा घाईघाईनं म्हणाला.

आप्पा स्टुलावर टेकले होते. सकाळी मुलगा म्हणाला होता, "आप्पा, चला, तुमच्या खोलीला रंग द्यायचाय. ब्रश-रोलर तुम्हीच निवडा." आप्पा हरखून इस्त्रीचा सदरा घालून निघाले होते. आता मात्र त्यांच्या मनात पाल चुकचुकली. त्यांच्या खोलीला तर चांगली ऐसपैस खिडकी होती आणि तिच्या चौकटीचे पोपडे निघाले होते. विसरला असेल, त्यांनी मनाला समजावलं.

"भिंत कशी आहे?" दुकानदारानं दोन रोलर पुढे केले. "गुळगुळीत असेल तर हा बारीक लवीचा. खरबरीत असेल तर हा जाड, खाचाखोचांत रंग पोचवतो."

मुलानं आप्पांकडे पाहिलं नाही. "जाडच द्या."

अख्ख्या घरात खरबरीत भिंती एकाच जागी होत्या, स्वयंपाकघरामागच्या अडगळीच्या खोलीत. तिला खिडकी नव्हती.

त्यांनी जाड रोलर हातात घेतला, लवीतून अंगठा फिरवला.

"अगदी कोकरासारखा मऊ आहे, आजोबा," दुकानदार हसला. दुसरं कोणी हसलं नाही.

"माझी भिंत गुळगुळीत आहे रे," आप्पा हळूच म्हणाले. "तू कुठली रंगवतोयस?"

मुलगा ब्रशचे केस कुरवाळत राहिला. "पोरीचं परीक्षेचं वर्ष आहे, आप्पा. तिला अभ्यासाला जागा नको? तुम्हाला सांगणारच होतो."

"कधी? रंग वाळल्यावर?"

"तिथं पंखा लावू ना."

"बिनखिडकीच्या खोलीत रंगसुद्धा धड वाळत नाही, बाबा. मी तर माणूस आहे."

दुकानदार मागच्या फळीवरचे डबे उगाच पुसू लागला.

"तिचं टेबल माझ्या खिडकीपाशी लाव," आप्पा म्हणाले. "मी काय दिवसभर खोलीत अंडी उबवत बसतो? ती वाचेल तोवर बाहेर बसेन. झोपायला तेवढी जागा..." पोटच्या पोराकडे मागणं त्यांना कधी जमलं नव्हतं.

मुलानं खिशातून फोन काढला, बायकोला लावला. "अगं, टेबल आप्पांच्या खोलीतच लावू. आप्पाही तिथंच राहतील." पलीकडून ती जे बोलली ते त्यानं मान खाली घालून ऐकलं. "नाही," तो म्हणाला, "माझ्याच्यानं ते व्हायचं नाही. घरी आलो की बोल मला काय बोलायचं ते."

फोन खिशात ठेवून त्यानं आप्पांच्या हातातला जाड रोलर काढून घेतला आणि दुकानदाराकडे सरकवला. "बारीक लवीचा द्या."

आप्पांनी काउंटरवरचा दोन इंची ब्रश उचलला. थोडा वेळ तसाच धरला, मग मुलापुढे ठेवला.

"हाही घे. चौकटीला लागेल."