जादाची मोटार

"इथे नाही म्हणजे? मोटार काय पाय फुटून फिरायला गेली?"

कुलूपबाई मोठ्या शहराच्या नगरपालिकेच्या भांडारात उभ्या होत्या. समोर लाकडी घडवंची होती आणि घडवंचीवर धूळ. पाण्याच्या पंपाची जी जादाची मोटार तिथे असायला हवी होती, तिचा पत्ता नव्हता. तिथला भांडारपाल कधी छताकडे पाहत होता, कधी आपल्या चपलांकडे.

"बाई, तुम्ही बागेत विचारा," तो हळूच म्हणाला. "माझं नाव नका घेऊ."

बाईंना त्यांच्या गावात खऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे. नगरपालिकेच्या भांडाराच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला असत आणि त्यांचा एकच कायदा होता: जुनं द्या, नवं घ्या. जळका बल्ब आणल्याशिवाय चांगला मिळायचा नाही, मग मागणारा शिपाई असो की नगराध्यक्ष. लोक हसायचे, चिडायचे, पण गावातलं एकही दिव्याचं होल्डर कधी कुणाच्या घरी गेलं नव्हतं.

अशी ही बाई आयुष्यात एकदाच सभेत बोलायला उभी राहिली होती. पाच गावांनी मिळून कमी विजेवर चालणाऱ्या पंपाच्या मोटारी घ्यायच्या, अशी टूम मोठ्या शहराच्या नगरपालिकेतल्या साहेबांनी काढली होती. एकट्या गावाला दुकानदार दारात उभं करत नाही, पाच गावं गेली की खुर्ची देतो. शिवाय पाचांत मिळून एक जादाची मोटार राहील, ज्याची बिघडेल त्याने न्यावी. बाईंना हे मनापासून पटलं. गल्लीतल्या बायका मिळून धान्य घेतात तसंच की! त्यांनी उभं राहून सांगितलं, "आपली जुनी जादाची मोटार वीज पिते नुसती. ती विकून टाका. मी शब्द देते, अडणार नाही."

घरी वडिलांना सांगितलं, तेव्हा म्हातारा दाढी करत होता. जन्मभर गावचा पंप त्यांनीच चालवलेला. आरशातूनच म्हणाले, "पाच जणांची गाय घेताय, छान. खुंटा कुणाच्या दारात?"

"शहरवाल्यांच्या भांडारात. त्यांच्याकडे जागा मोठी आहे, बाबा."

"हं," म्हणाले आणि गालावरून वस्तरा फिरवला.

काल गावची मोटार जळली. आज सकाळी दवाखान्यातली नर्स रिकामी बादली घेऊन बाईंच्या दारात आली. बादली उंबऱ्यावर ठेवली आणि निघून गेली. गल्लीतलं कुणीतरी मुद्दाम ऐकू येईल असं म्हणालं, "कुलूपबाईंनी शब्द दिलाय. तोच प्या आता घोटघोट."

बाईंनी टेम्पो काढला, गावचा फिटर सोबत घेतला आणि जळकी मोटारही चढवली. "ही कशाला ओझं?" फिटरने विचारलं. "कायदा म्हणजे कायदा," बाई म्हणाल्या.

बागेत पोचल्या तर समोर कारंजं. पाणी सरळ वर उसळत होतं, झाडांच्या वर जाऊन फुटत होतं आणि खालच्या हौदात पोरं कागदी होड्या सोडत होती. हौदामागच्या खोलीतून घरघर येत होती. फिटरने जाळीतून आत डोकावलं आणि मागे वळला. "आपलीच आहे," तो म्हणाला.

रिकामी बादली बाईंच्या डोळ्यांपुढून हलेना.

साहेब आले ते हसतच. "अरे, तुम्ही! फोन तरी करायचा."

"काल दिवसभर केला. ही मोटार इथे काय करते?"

"अहो बाई, नुसती पडून राहिली असती तर गंज चढला असता. म्हणून फिरती ठेवली. एक प्रकारे तुमचीच काळजी."

"शेजाऱ्याची कढई सांभाळायला घ्यायची आणि गंजू नये म्हणून रोज तिच्यात आपली भजी तळायची. फार उपकार झाले. सोडून द्या ती आता."

"देऊ ना. अर्ज करा. पाच गावांची समिती बसेल, ठराव होईल..."

"कधी बसते समिती?"

"सगळे जमले की."

"आणि कारंजं लावायचं ठरलं तेव्हा कधी बसली होती?"

साहेबांचं हसू मावळलं. "बाई, तुम्ही भांडारपाल आहात. पायरीने बोला."

"पायरीनेच बोलतेय. खालच्या पायरीवर पाणी नाही, म्हणून वर आलेय." बाईंचा आवाज एवढा चढला की होड्या सोडणारी पोरं वळून पाहू लागली. "दवाखान्यात हात धुवायला थेंब नाही आमच्याकडे! आणि तुम्ही ते आभाळात उडवताय! फिटर, बंद कर."

"वॉचमन!" साहेब ओरडले.

वॉचमन आला. त्याने साहेबांकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि गेटावर कुणी हाक मारल्यासारखा लगबगीने निघून गेला.

घरघर थांबली. वरचं पाणी क्षणभर हवेत राहिल्यासारखं वाटलं आणि धपकन खाली आलं. पोरांनी एकच गिल्ला केला. दोन वेण्या घातलेली एक मुलगी रडवेली होऊन बाईंसमोर आली.

"आजी, आमचं कारंजं का बंद केलं?"

"सांगा आता लेकरांना," साहेब हात बांधून म्हणाले.

बाई गुडघ्यांवर हात ठेवून खाली बसल्या. रागाने अजून धाप लागत होती. त्यांनी ती आधी ओसरू दिली. पोराशी चढ्या आवाजात बोलायचं नाही, हा त्यांचा दुसरा कायदा.

"बाळा, पाच मैत्रिणींनी मिळून एक रंगपेटी घेतली तर ती कुणाकडे राहते?"

"आमची माझ्याकडेच आहे," मुलगी नाक पुसत म्हणाली. "माझं दप्तर मोठं आहे ना."

"बरं. आणि दुसरीला लाल रंग लागला तर?"

"देते की." मग जरा थांबून, "पण लाल संपत आलाय."

"कुणी संपवला?"

मुलीने दोन्ही हात पाठीमागे नेले. साहेबांना एकदम घड्याळ पाहावंसं वाटलं.

फिटरने मोटार सोडवून टेम्पोत चढवली. मग बाईंनी जळकी मोटार आत आणायला लावली, त्याच चौथऱ्यावर ठेवायला लावली, आणि फिटर बोल्ट सैल सोडून निघाला तसं त्याला परत बोलावलं. "घट्ट कर. आपण अर्धवट काम करत नाही." सगळे बोल्ट आवळले गेल्यावर त्या साहेबांना म्हणाल्या, "जुनी दिली, चांगली घेतली. आमची दुरुस्त करून घ्या. मग बोलू."

दिवस मावळायच्या आत गावच्या नळांना खोकला आला आणि पाठोपाठ पाणी. गल्लीत भांड्यांचा खणखणाट उठला. सकाळी टोमणा मारणारं तोंड आता "बाईंमुळेच हो" म्हणत होतं. बाईंनी तिकडे पाहिलंही नाही.

वडील नळाजवळ स्टुलावर बसले होते. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "किती उंच उडत होतं गं?"

बाईंनी हात वर केला. हात पुरेना. "झाडांच्या वर, बाबा."

"झाडांच्या वर!" म्हाताऱ्याचे डोळे क्षणभर चमकले. "म्हणजे दमदार आहे मोटार." मग ती चमक विझली. "आता परत द्यायची?"

"पाच जणांची आहे. आपली दुरुस्त झाली की द्यावीच लागेल."

"कुणाच्या दारात?"

बाईंनी नर्सची बादली काठोकाठ भरून दाराशी ठेवली. मग घरातले हंडे भरले, पातेली भरली, तांबे भरले. सगळं भरून झालं तरी त्यांचा हात नळावरून निघेना. शेवटी त्यांनी फळीवरचा वडिलांचा दाढीचा मग घेतला, विसळला, भरला आणि भरलेल्या भांड्यांच्या रांगेत अगदी शेवटी नीट ठेवला.