सगळ्यांची एकच छाती

वरूडच्या बाजाराबाहेरचं ते पत्र्याचं शेड संत्री निवडून पेट्या भरण्यासाठी बांधलेलं. लागोपाठ बहार गळाला, बागा वाळल्या, व्यापारी फिरकेनासे झाले आणि शेड ओस पडलं. त्या ओस शेडमध्ये प्रभानाथ महाराजांनी मुक्काम ठोकला. आता दर गुरुवारी तिथे पाय ठेवायला जागा नसे. चांदूर रेल्वेपासून परतवाड्यापर्यंतची आजारी माणसं जीपा करून येत. त्यांच्या हातात नारळ नसे, मोबाइल असे.

कारण हे महाराज अंगारा देत नसत. ते रिपोर्ट शुद्ध करत.

एक्स-रे सेंटरने मोबाइलवर पाठवलेली पीडीएफ फाइल आधी महाराजांच्या सेवकाकडे पाठवायची. गुरुवारी ती मोठ्या पडद्यावर झळके. फुप्फुसातला पांढरा डाग शेवटच्या रांगेतल्या म्हातारीलाही दिसे. कोपऱ्यात भगव्या कापडाआड लॅपटॉप घेऊन सेवक बसलेला. महाराज डोळे मिटून पडद्यावरून हात फिरवत आणि गरजत, "रोग शरीरात नसतो, बालकांनो! रोग नोंदीत असतो! नोंद मिटली, की रोग मिटला!" आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत डाग नाहीसा होई. खाली 'क्षयरोगाची शक्यता' लिहिलेलं असे, तिथे 'छाती निर्दोष' उमटे. सेंटरचं नाव तेच, डॉक्टरची सही तीच, तारीखही तीच! शेडमध्ये जयजयकार होई. शुद्ध झालेली फाइल रोग्याच्या मोबाइलवर परत येई आणि सोबत प्रभाजलाची बाटली विकत घ्यावी लागे. दवाखान्याच्या गोळ्यांनी म्हणे हे जल बाटतं. म्हणून गोळ्या बंद.

संध्या गावातल्या शाळेत संगणक शिकवायची. प्रशिक्षणासाठी ती काही आठवडे अकोल्याला गेली होती. ती गेली तेव्हा तिच्या वडिलांना, मोतीरामना, क्षयाच्या गोळ्या सुरू होत्या. परत आली तेव्हा ते ओट्यावर बसून खोकत होते आणि मोरीत रक्त पडलेलं होतं.

"बाबा, गोळ्या घेतल्या काय?"

"आता काहाले गोळ्या? मी बरा झालो." मोतीरामनी मोबाइल पुढे केला. "हे पाय. छाती साफ हाय."

"आन् हे रक्त?"

"आतली घाण निंगून राह्यली," आई केशरबाई मधेच बोलली. "महाराजानं सांगतलंच होतं."

संध्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याच्याखाली प्रभाजलाची बाटली! बाबासाहेबांच्या मागे जाऊन ज्या घराने सगळी पोथीपुराणं झुगारून दिली, त्या घरात हे पाणी शिरलंच कसं? पण आईबापावर ओरडून काय होणार, हे तिला कळत होतं. तिने रिपोर्ट उघडला आणि एक्स-रेकडे बघतच राहिली. ऐन उमेदीत मोतीराम संत्र्याच्या ट्रकवरून पडले होते. खांद्याजवळचं गळ्याखालचं हाड मोडलं होतं आणि डॉक्टरांनी तिथे स्टीलची पट्टी बसवली होती. प्रत्येक एक्स-रेत ती पांढरीशुभ्र दिसायची. या एक्स-रेत ती नव्हतीच.

शाळेत जाऊन तिने फाइल संगणकावर तपासली. तासाभरात सगळी बनवाबनवी तिच्यापुढे उघडी पडली. पण लोकांना हे सांगायचं कसं? फाइल, थर, प्रोग्राम असं बोलायला लागलं, की महाराज म्हणणार, हीच तर आमची सिद्धी. गुरुवारी ती बापाला घेऊन शेडमध्ये गेली आणि हात जोडून उभी राहिली.

"महाराज, माझ्या बाबांची छाती तुमीच साफ केली ना?"

"आम्ही निमित्त, बेटी. ऊर्जा वरची."

"त्यांच्या हाडात स्टीलची पट्टी होती. रिपोर्टात ते बी नाई दिसत. तिचं काय झालं?"

समोर बसलेली गर्दी पाहून महाराजांना जोर चढला. "विरघळली! अगं, या तेजापुढे पर्वत विरघळतात, तिथे पट्टीची काय कथा!"

टाळ्यांनी शेड दणाणलं. टाळ्या थांबल्यावर संध्या बापाकडे वळली.

"बाबा, हात लावून पाहा बरं."

मोतीरामनी सदऱ्याची गुंडी काढली. हाडावरून बोटं फिरवली. पुन्हा फिरवली. कातडीखाली पट्टी तशीच होती, स्क्रूची डोकीसुद्धा बोटांना लागत होती.

"अवं," ते हळूच म्हणाले, "हे तं हायेच."

"शंका घेतलीस!" महाराज कडाडले. "म्हणून पट्टी परत आली!"

"स्क्रूसकट?" संध्याने विचारलं, आणि मागून कुणीतरी फसकन हसलं.

सेवकाने माईक बंद केला. संध्याला माईकची गरजच नव्हती. "ज्याईची ज्याईची छाती इथं साफ झाली, त्याईनं आपला रिपोर्ट उघडा आन् मोबाइल या पेट्याईवर ठेवा!" ती ओरडली. लोक आधी एकमेकांची तोंडं पाहू लागले. मग एकेक मोबाइल संत्र्याच्या रिकाम्या पेट्यांवर येऊ लागला. माणसं वाकून पाहू लागली. बाईची छाती तीच, बाप्याची तीच, म्हाताऱ्याची तीच आणि जवानाचीही तीच. प्रत्येक फोटोत डावीकडची एक बरगडी जराशी वाकडी होती. नावं तेवढी वेगवेगळी.

"एका निरोगी माणसाचा फोटो यांच्याजवळ हाय," संध्या सांगू लागली. "तुमी फाइल पाठवली, की यांचा प्रोग्राम तुमचा एक्स-रे शोधते आन् त्याच्यावर हा फोटो बसवते. जशी भिंतीवरच्या फोटोवर दुसरा फोटो चिकटवावा. पडद्यावर दोन्ही थर असतात. महाराज हात फिरवते, कापडामागं तो सेवक बटन दाबते आन् वरचा थर दिसाले लागते. डॉक्टरच्या शब्दाईवर पांढरी पट्टी मारून वरून 'निर्दोष' लिहिलं हाय. पण खालचे शब्द मिटलेच नाईत. हे पाहा." तिने आपल्या मोबाइलवर त्या ओळीवर बोट दाबून ती निवडली, कॉपी केली आणि कोऱ्या पानावर उतरवली. 'छाती निर्दोष'च्या जोडीला 'क्षयरोगाची शक्यता' हे शब्दही जसेच्या तसे उमटले. "रोग मिटला नाई. झाकला फक्त."

पेट्यांजवळ पुंजाजी नावाचा म्हातारा उभा होता. त्याच्या मोबाइलवर बायकोचा, सुंदराबाईचा रिपोर्ट होता. तो कधीचा त्या वाकड्या बरगडीकडे बघत होता.

"माही बायको दिवाळीत मेली," तो म्हणाला. "जाताना म्हने, गोळी देता काय. मी नाई देल्ली. म्हनलं, तुही छाती साफ हाय, तू कायले भेतं."

पुंजाजी महाराजांपुढे गेला आणि मोबाइल त्यांच्या तोंडासमोर धरला.

"हे कोनाची छाती हाय, सांग. माह्या बायकोची कुठी हाय?"

महाराजांची ऊर्जा नेमकी तेव्हाच संपली. ते मागच्या दाराने निघाले. तिथे लोकांनी त्यांना अडवून धरलं आणि पोलिसांच्या हवाली केलं. जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. लॅपटॉपमध्ये तो एकच फोटो सापडला. तो फोटो कुणाचा होता, ते आजवर कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरकारी दवाखान्यात रांग लागली. डॉक्टर नाजिया मॅडमनी मोतीरामना तपासलं आणि संध्याला बाजूला घेतलं. गोळ्या मधेच सोडल्यामुळे त्या आता लागू पडतीलच असं नाही. पुन्हा तपासणी, कदाचित जास्त लांबचे, जास्त कडक उपचार. एवढं सांगून त्या म्हणाल्या, "घरच्यांचीही थुंकी तपासायला द्या."

संध्याने वळून पाहिलं. बाकावर केशरबाई तोंडाला पदर लावून खोकत होती.

वाचकहो, चमत्कारात कुणाचं काय जातं, असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगा. तो फोटो बदलायला त्या भामट्याला क्षणही लागला नाही, कारण फाइलला ना ताप येतो, ना रक्त पडतं. तुमचा माणूस खोकत असेल तर पडद्याकडे पाहू नका, त्याच्याकडे पाहा. त्याला दवाखान्यात न्या, गोळ्या पुऱ्या होईपर्यंत द्या. आणि कुणी हात फिरवून रोग मिटवून दाखवला, तर भर सभेत उठून विचारा. पुंजाजीने विचारलं, पण तोवर सुंदराबाई गेली होती.