पाण्याच्या नळीतली रेघ

खोक्यात नऊ पांढरी पाकिटं होती आणि एक तपकिरी. तपकिरी पाकीट औषधाच्या दुकानातलं होतं आणि त्यावर ‘सकाळी एक, जेवणानंतर’ असं लिहिलं होतं. अक्षर माझं होतं. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या गेल्या महिन्यात मीच आणून दिल्या होत्या.

आदल्या संध्याकाळी बाबांचा फोन आला होता. “अगं ठमे, बागेचा निरीक्षक येऊन गेला. खालच्या ओळीतल्या पानांवर पांढरं दिसतंय म्हणाला. दहा झाडांची पानं नेली. त्याचं एक पाकीट कमी पडलं, मग मी माझं दिलं.”

“आणि गोळ्या कुठे ठेवल्या?”

“खिशात. तिथे काय, अंडी घालणार आहेत?”

मी हसले होते. आता तपकिरी पाकीट हातात धरून मी खोक्यावरचा क्रमांक पुन्हा वाचला. आमच्याकडे नमुन्यावर नाव नसतं, फक्त क्रमांक असतो. बाग कुणाची ते चाचणी करणाऱ्याला कळू नये, म्हणजे दयाही नको आणि राग काढणंही नको, असा त्यामागचा हेतू. कळलंच, तर खोकं दुसऱ्याच्या हवाली करायचं. दुसरं कोण, तर मॅडम. प्रयोगशाळेत आम्ही दोघीच. मॅडम शेजारच्या खोलीत चहा पीत होत्या, दार उघडं होतं, सात पावलं चालायची होती. मी चालले नाही. ते खोकं माझ्या हातातून गेलं तर मला काहीच करता येणार नाही, अशी भीती वाटली. आणि माझ्या हातात राहिलं तर मी काय करणार होते, हे मी स्वतःला विचारलंसुद्धा नाही.

पानावर पीठ सांडल्यासारखं पांढरं दिसतं, त्याला भुरी म्हणतात. पीच, आलुबुखार, जर्दाळू, चेरी, म्हणजे टणक कोयीची जेवढी फळं आहेत, त्या सगळ्या झाडांवर ती येते. आमच्या भागात तिचे दोन प्रकार. एक साधी. गंधकाची फवारणी केली की जाते, पुढच्या वर्षी पुन्हा येते, नको असलेल्या पाहुण्यासारखी. दुसरी परदेशी. तिच्यावर कुठलंच औषध चालत नाही, म्हणून ती सापडली की तीन दिवसांत अख्खी बाग तोडून जागेवरच जाळायची, असा हुकूम. सूक्ष्मदर्शकाखाली दोघी जुळ्या बहिणी. कोणती कोण हे फक्त डीएनए सांगतो, आणि डीएनएला बोलतं करायचं काम माझं.

तीन आठवड्यांपूर्वी मी एका बागेचा अहवाल दिला होता; ती बाजारात नेहमी दिसणाऱ्या चेरीवाल्यांची, हे अहवाल गेल्यावर कळलं. परदेशी. चारशे झाडं गेली. आम्ही बरोबर काम केलं, वेळेत केलं, असं मॅडम म्हणाल्या आणि मलाही तसंच वाटलं. धूर शहरातून दिसत होता. मी खिडकी लावून घेतली आणि पुढच्या कामाला लागले.

बाबांची आलुबुखाराची सहाशे झाडं. प्रत्येक कलम त्यांनी स्वतः बांधलेलं. नवीन लावली तर फळ धरायला पाच वर्षं, आणि बाबा एकाहत्तरचे. “झाडं नसतील तर सकाळी उठून करू काय?” असं ते एकदा म्हणाले होते. “तुझ्याकडे येऊन दिवसभर तुझं डोकं खाऊ?” थट्टाच होती ती, पण ते खोटं बोलत नव्हते.

मी पानं खरवडली, डीएनए काढला, दहा नळ्या भरल्या. अकराव्या नळीत परदेशी भुरीचा खात्रीचा डीएनए, म्हणजे चाचणी चालते आहे हे कळावं म्हणून. बाराव्या नळीत नुसतं पाणी. पाण्यात काहीच दिसायला नको, दिसलं तर सगळी चाचणी फुकट. हा झाला नियम. डीएनएच्या प्रती वाढवायला यंत्राला दोन तास लागतात. त्या दोन तासांत मी टेबल तीनदा पुसलं. मॅडमनी विचारलं, “आज एवढी स्वच्छता?” मी म्हटलं, “धूळ फार झालीय.”

मग नळ्यांमधला द्रव जेलच्या, म्हणजे थलथलीत पारदर्शक वडीच्या, खाचांमध्ये भरला, वीज सोडली, आणि जेल दिव्याखाली धरलं. परदेशी डीएनए असेल तिथेच रेघ चमकते. एक, दोन, तीन... दहाच्या दहा खाचांखाली चमकती रेघ. परदेशी.

मी खुर्ची ओढून बसले. बाबा कुऱ्हाडवाल्यांना चहा विचारतील, हे मला स्पष्ट दिसलं. ते तसेच आहेत. स्वतः झाडं दाखवत पुढे चालतील, ही आधी घ्या म्हणतील.

बाराव्या खाचेखालीही एक रेघ होती. फिकट, नसल्यातच जमा. आमच्याकडे त्याला ठरलेलं उत्तर आहे: शेजारचं सांडलं. पाण्याची खाच खात्रीच्या डीएनएच्या शेजारीच असते, भरताना हात किंचित हलला की थेंब तिकडे जातो. मॅडमनी मला हे पहिल्याच वर्षी शिकवलं, त्यांना त्यांच्या सरांनी शिकवलं होतं. फिकट रेघ दिसली, की आम्ही ‘शेजारचं’ म्हणतो आणि पुढे जातो.

त्या दिवशी मी पुढे गेले नाही. बाबांची झाडं होती ना. बुडणारा माणूस हातपाय मारतो तशी मी चूक शोधायला लागले. त्याच नळ्यांतला उरलेला द्रव घेतला, नवं जेल ओतलं, बाराव्या नळीतलं पाणी या टोकाला भरलं, खात्रीचा डीएनए त्या टोकाला, मध्ये सगळे नमुने. आता शेजारी कुणीच नव्हतं सांडायला.

पाण्याखाली रेघ आली. तीच, तिथेच.

म्हणजे पाणीच खराब होतं. परदेशी भुरीचा डीएनए आमच्या पाण्यातच होता, आणि प्रत्येक नळीतलं मिश्रण त्याच पाण्याने केलेलं; पानांचा डीएनए धुऊन काढायलाही तेच भरपूर वापरलेलं, म्हणून तिथल्या रेघा ठळक. जीव भांड्यात पडला. मी चक्क टाळी वाजवली आणि नवी सीलबंद बाटली आणायला धावले. नव्या पाण्याने पानांपासून पुन्हा चाचणी केली, तेव्हा खात्रीच्या नळीखेरीज एकही रेघ आली नाही. बाबांच्या दहाही पाकिटांत साधी भुरी. गंधक मारा आणि विसरा.

नव्या बाटलीची वहीत नोंद करताना वरच्या ओळीकडे लक्ष गेलं. खराब पाणी मी कधी वाटून ठेवलं होतं त्याची तारीख तिथे होती. छोट्या वीस नळ्या, एका सकाळी, ज्या टेबलावर नुकताच परदेशी डीएनए उघडला होता त्याच टेबलावर. त्याच दुपारी चेरीवाल्यांचे नमुने आले होते. त्यानंतर बाबांचं खोकं येईपर्यंत असा नमुना कुणाचाच आला नव्हता.

मी चेरीवाल्यांच्या जेलचा फोटो फाइलमधून काढून पाहिला. दहा चमकत्या रेघा. पाण्याच्या खाचेखाली एक फिकट रेघ, आणि तिच्या बाजूला पेन्सिलीने माझ्याच अक्षरात: शेजारचं.

फोटो घेऊन मी उठले. मॅडमच्या खोलीत मी सगळं सांगितलं, बाबांच्या पाकिटासकट. त्यांनी फोटो उजेडाकडे धरून पाहिला.

“खोकं माझ्याकडे द्यायला हवं होतंस.”

“हो.”

“वडिलांचा निकाल बरोबर आहे. तो मी पुन्हा तपासून माझ्या सहीने पाठवते.”

“आणि चेरीवाल्यांचं?”

“ती झाडं राख झाली गं. आता राखेची चाचणी करतेस?”

“पानं आहेत. फ्रीझरमध्ये.”

“तीस दिवसांनी नमुने फेकतो आपण,” मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. “एकवीस झाले. त्या अहवालावर आपल्या दोघींच्या सह्या आहेत.” त्यांचा आवाज कापत होता. इतक्या वर्षांत मी तो असा कधी ऐकला नव्हता, आणि त्याने मी जास्तच घाबरले. त्यांनी मला काहीही कर किंवा करू नको असं सांगितलं नाही. नऊ दिवस मुकाट बसायचं, एवढंच होतं.

मी दोन दिवस मुकाट बसले. हे मला कुणी विचारलं नाही, तरी सांगते. फ्रीझर उघडला की वरच्या कप्प्यातल्या त्या पिशवीकडे न बघता खालचं काढायचे. जिन्यात कुणाची पावलं वाजली की चेरीवालेच आले असं वाटायचं. रस्त्यावर पाठमोरा माणूस त्यांच्यासारखा दिसला, तर मी पलीकडच्या फुटपाथवर जायचे. आणि हे सगळं करताना स्वतःशी घोकायचे, की त्यांचीही परदेशीच असेल, नाही कशावरून? पाणी खराब होतं म्हणून पानं चांगली होती असं थोडंच आहे?

तिसऱ्या दिवशी बाबांचा फोन. “गंधक मारून झालं. सगळा पिवळा झालोय, हळद लागल्यासारखा. या वयात!” मग जरा थांबून म्हणाले, “त्या चेरीवाल्यांचं वाईट वाटतं बघ. त्यांच्याकडे तसलं निघालं, आपल्याकडे साधं. आपलं नशीब.”

“बाबा, नंतर करते,” म्हटलं आणि फोन ठेवला. नशीब कसलं? बाबांची मुलगी प्रयोगशाळेत होती, चेरीवाल्यांची नव्हती. त्यांच्यासाठी कुणी दुसरं जेल ओतलं नाही.

पिशवी काढली. या वेळी झटपट चाचणीवर भागवलं नाही. पानं, त्यांवरच्या भुरीच्या डीएनएची अक्षरं क्रमाने वाचून घ्यायला, बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवली, जे तेव्हाच करायला हवं होतं. तेव्हा घाई होती. आठ दिवस लागतात, तेवढ्यात भुरी वाऱ्यावर पसरेल, असं निरीक्षक म्हणाला आणि आम्ही मान डोलावली.

ते आठ दिवस कसे गेले ते मी सांगणार नाही. निकाल आला, तेव्हा मॅडम माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. मी चेरीवाल्यांची अक्षरं वरच्या ओळीत लावली आणि साध्या भुरीची खालच्या. पाचशे सव्वीस अक्षरं. मी बोट ठेवून एकेक मोजत गेले, कुठेतरी फरक निघावा म्हणून. पाचशे सव्वीस जुळली.

मॅडम खाली बसल्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“वर पत्र मी लिहिते,” त्या म्हणाल्या. “त्यांना मात्र तू सांग. पत्रातून कळू नये त्यांना.”

चेरीवाल्यांनी लगेच फोन उचलला. मी कोण ते सांगितलं आणि पाठ केलेलं घडाघडा बोलून टाकलं: पाणी, रेघ, माझी चूक, तुमच्या बागेत परदेशी भुरी नव्हती. मध्ये थांबले असते तर पुढे बोलताच आलं नसतं.

“म्हणजे रोग नव्हताच?”

“होता. साधा. गंधकाच्या दोन फवारण्यांनी गेला असता.”

“दोन?”

“दोन.”

मी शिव्यांची वाट बघत होते. शिव्या चालल्या असत्या. त्या मी मोजून घेतल्या असत्या.

“माझा धाकटा भाऊ आधी परदेशातून कलमाच्या काड्या आणायचा,” ते म्हणाले. “हा रोग परदेशी म्हटल्यावर त्यानेच आणला, दुसरं कोण आणणार? तो म्हणत होता, दादा, यंदा मी एकही काडी आणली नाही. मुलीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला. मी तुमचा कागद त्याच्या अंगावर फेकला. म्हटलं, कागद खोटं बोलतो का? बायकोमुलीला घेऊन त्याच दिवशी घर सोडून गेला तो.”

मला रडू फुटलं. ते त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून मी तोंडावर हात धरला.

“झाडांचं आपण नंतर बघू,” ते म्हणाले. “ते मी सोडणार नाही, सांगून ठेवतो. पण आधी त्याला फोन करा. माझा तो उचलत नाही. घ्या लिहून.”

ते आकडे सांगत गेले, मी लिहीत गेले. मग मी नंबर वाचून दाखवला. एक आकडा चुकला होता. त्यांनी तो सांगितला, मी खोडून नीट लिहिला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले.